आधी नेटवर्क की आधी फाइल सिस्टम?

युनिक्स संगणक सुरू होताना कोणती सेवा कोणानंतर उठवायची, हे पूर्वी जागेवरून ठरे. सिस्टीम व्ही परंपरेत स्क्रिप्टच्या नावात एस अक्षरापुढे दोन अंक असत आणि त्यांच्या चढत्या क्रमाने स्क्रिप्ट चालत. बीएसडीत एकच लांबलचक आरसी फाइल वरून खाली चाले. क्रम दिसे, त्यामागचे कारण दिसत नसे. सन कंपनीने 1984 साली एनएफएस आणल्यावर ही उणीव टोचू लागली. दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली जोडायला आधी नेटवर्क हवे, आणि नेटवर्क उभे करणारे प्रोग्रॅमही कुठल्यातरी फाइल सिस्टमवरच असतात. '/यूएसआर' एनएफएसवर असेल, तर ती माउंट होईपर्यंत लागणारे सगळे काही तिच्याबाहेर असावे लागते. तेव्हा 'आधी सगळे माउंट, मग नेटवर्क' हा सोपा नियम निकालात निघतो.

नेटबीएसडी 1.5 ने डिसेंबर 2000 मध्ये काढलेला मार्ग मला सर्वांत समंजस वाटतो. प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर ती काय पुरवते आणि तिला काय लागते एवढेच लिहायचे. क्रम 'आरसीऑर्डर' लावतो. 'माउंटक्रिटलोकल' '/व्हार'सारख्या स्थानिक गोष्टी जोडते, मग नेटवर्क, मग 'माउंटक्रिटरिमोट' '/यूएसआर' आणते. जुनी फाइल एका बैठकीत वाचता येई, हा आक्षेप खरा आहे. पण आरसीऑर्डर चालवला की पूर्ण क्रम आजही छापून मिळतो, आणि नवी सेवा घालणाऱ्याला आकड्याचा अंदाज बांधावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. स्क्रिप्ट संपली म्हणजे नेटवर्क चालू झाले असे नव्हे. डीएचसीपीकडून पत्ता अजून यायचा असू शकतो. म्हणूनच लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टीमडीत 'नेटवर्क.टार्गेट' आणि 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' वेगळे आहेत. पहिल्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी सेवा सुरू झाली, इतकाच. त्याचा खरा उपयोग यंत्र बंद होताना होतो: क्रम उलटतो, आणि एनएफएस सुटण्याआधी नेटवर्क गेले तर अनमाउंट अडकून बसते. दूरच्या माउंटनी थांबायचे ते दुसऱ्यासाठी. तरीही पलीकडचा सर्व्हरच बंद असेल, तर कोणताही क्रम कामाला येत नाही. तेथे प्रशासकालाच ठरवावे लागते: '/होम'ला 'बीजी' पर्याय देऊन मागे प्रयत्न चालू ठेवता येतात, '/यूएसआर'ला ती सवलत देता येत नाही.