खुरप्यामागची नाडी

कामाचं माप : लेखांक ७

मागच्या लेखांकात फ्रेडरिक टेलरचं फावडं आलं होतं. एकोणिसावं शतक सरताना अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कंपनीत त्याने घड्याळ लावून मोजदाद केली. फावड्यात दर खेपेला २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास माल आला, तर चांगला मजूर दिवसाकाठी सर्वांत जास्त ढीग उपसतो, असा निष्कर्ष त्याने काढला. टन मोजले गेले, मजुरीचा खर्च मोजला गेला. फावडं मारणाऱ्याच्या पाठीला मात्र त्या वहीत रकाना नव्हता. श्रमाचं शास्त्र जन्माला आलं ते असं, मालकाच्या बाजूने. त्याच मोजपट्टीने उलट बाजूचा प्रश्न विचारता येतो का, हा आजचा विषय. त्यासाठी परभणीला जाऊ.

परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं. आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखलं जातं. शेतकऱ्यांना ते माहीत आहे वाणांमुळे: परभणी मोती ज्वारी, परभणी क्रांती भेंडी. याच आवारात गृहविज्ञान महाविद्यालय आहे, आता त्याचं नाव सामुदायिक विज्ञान महाविद्यालय. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं एक केंद्र इथे चालतं आणि शेतात राबणाऱ्या बाईचे कष्ट मोजणं, ते कमी करणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. नव्या वाणाची बातमी होते, या कामाची होत नाही. माझ्या मते मराठवाड्यात झालेल्या सामाजिक संशोधनात ते पहिल्या रांगेत बसवायला हवं.

का, ते सांगतो. जिंतूरपासून पालमपर्यंत कुठल्याही शिवारात जा, कामांची वाटणी ठरलेली आहे. औत, फवारणी, पोती उचलणं गड्यांचं. खुरपणी, वेचणी बायांची. बाईचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी, आणि कारण विचारलं तर उत्तर तयार असतं: बायांचं काम हलकं. हे वाक्य इतक्या सहजपणे बोललं जातं, की त्यात तपासण्यासारखं काही आहे हेच सुचत नाही. पण ते तपासता येतं. काम हलकं की जड, हे शरीर सांगू शकतं.

कायद्यालाही त्याची गरज होती. १९७६ च्या समान वेतन कायद्याने (२०१९ च्या वेतन संहितेत तो आता सामावला आहे) एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला समान वेतन सांगितलं. सारखं काम म्हणजे ज्याला लागणारं कौशल्य, श्रम आणि जबाबदारी सारखी, असं काम. आता खुरपणीला गडी येतच नाही, मग तुलना कुणाशी करायची? त्याआधी १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा जो हिशेब मांडला, त्यात कुटुंबात एकच कमावता धरला होता. बाईची कमाई जमेस धरायची नाही, असं स्पष्ट ठरलं होतं. म्हणजे बाईच्या श्रमाचं माप कुणाकडेच नव्हतं, सरकारी कागदावरही नाही.

ते माप तयार करण्याचं महत्त्वाचं काम मुंबईत झालं. एसएनडीटी महिला विद्यापीठात एम. ए. वर्गीस आणि त्यांचे सहकारी साहा व आत्रेय यांनी १९९४ साली ‘अर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात एक साधी श्रेणी मांडली. तोपर्यंत जगभर स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची श्रेणी वापरली जाई. तिच्यात काम किती जड वाटतं ते ६ ते २० या आकड्यांत सांगायचं असतं. आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके मिळावेत, अशी तिची रचना. प्रयोगशाळेत ती चालते. पण बांधावर बसलेल्या बाईला ‘तेरा की चौदा?’ असं विचारणं निरर्थक आहे. वर्गीस यांनी पाच पायऱ्या ठेवल्या: अगदी हलकं, हलकं, मध्यम जड, जड, फार जड. प्रत्येक पायरीला नाडीची आणि ऊर्जेची मर्यादा जोडली. मिनिटाला ९० ठोक्यांपर्यंत अगदी हलकं, १०५ पर्यंत हलकं, १२० पर्यंत मध्यम जड, १३५ पर्यंत जड, त्यापुढे फार जड. पुढे देशभरच्या गृहविज्ञान केंद्रांनी हीच फूटपट्टी हाती घेतली.

मोजणी कशी होते, ते जरा जवळून पाहू. बाईच्या छातीला पट्टा बांधतात आणि मनगटावर घड्याळ. पट्टा ठोके टिपतो, घड्याळ नोंदवतं. आधी सावलीत निवांत बसवून विश्रांतीची नाडी घेतात. मग ती खुरपं घेऊन पातीला लागते, तेव्हाचे ठोके. काम थांबलं तरी नोंद थांबत नाही. नाडी मूळ जागी येईपर्यंत मिनिटामिनिटाला आकडा लिहितात, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शरीराने काम करताना हातउसने घेतलेले ठोके ते नंतर फेडत असतं.

समजण्यापुरते आकडे घेऊ. विश्रांतीची नाडी ८०, कामातली ११०, काम अर्धा तास. जादा ठोके झाले ३० गुणिले ३०, म्हणजे ९००. नंतर पाच मिनिटं नाडी सरासरी १२ ने चढलेली राहिली, त्याचे ६०. एकूण ९६० ठोके, भागिले कामाची ३० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ३२. याला कामाची शारीरिक किंमत म्हणतात. ऊर्जेसाठी वेगळं सूत्र आहे: नाडीला ०.१५९ ने गुणायचं आणि ८.७२ वजा करायचे. ११० च्या नाडीला मिनिटाला पावणेनऊ किलोज्यूलच्या आसपास येतात. श्रेणीत पाहा: मध्यम जड. एवढ्यानेच ‘हलकं’ हा शब्द गळून पडतो.

पण नाडी सगळं सांगत नाही, आणि खुरपणीच्या बाबतीत ती चक्क कमी सांगते. डोक्यावर ओझं घेऊन चढ चढणाऱ्या बाईची नाडी झपाट्याने वर जाते. खुरपणारी बाई उकिडवी बसलेली असते, गुडघे पोटाशी, पाठ पुढे वाकलेली, एक हात खुरप्यावर, दुसरा गवताच्या मुळाशी. ती बसल्या बसल्या वीतभर पुढे सरकते. मोठ्या हालचाली कमी, म्हणून हृदयावरचा ताण बेताचा. पण कंबर, मांड्या आणि गुडघे तासन् तास एकाच स्थितीत आवळलेले राहतात. कंबर धरते, पाय बधिर होतात, उठताना हात टेकावा लागतो. यातलं काहीच छातीचा पट्टा नोंदवत नाही.

म्हणून संशोधकांनी दुसरं साधन घेतलं. कॉर्लेट आणि बिशप यांनी १९७६ साली शरीराचा नकाशा वापरायची रीत मांडली होती. कागदावर माणसाची पाठमोरी आकृती, तिचे भाग आखलेले. कामानंतर बाईने बोट ठेवून दाखवायचं, कुठे दुखतं आणि किती. म्हणजे यंत्राच्या जोडीला तिचं सांगणंही पुरावा म्हणून वहीत आलं. श्रमविज्ञानात ही मोठी गोष्ट आहे. टेलरने आपल्या मजुराला फावडं जड वाटतं का, हे विचारून त्यावर हिशेब बेतला नव्हता.

आणखी एक पेच आहे, तो मला अस्वस्थ करतो. अशा अभ्यासांत साधारण २५ ते ४५ वयाच्या, ताप नसलेल्या, रक्तदाब ठीक असलेल्या निरोगी बाया निवडतात. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच, नाहीतर तुलना होणार नाही. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त धावावं लागतं. तीच पात, तेच खुरपं, पण नाडी आणखी वर. म्हणजे तक्त्यातले आकडे हे त्यातल्या त्यात धडधाकट बायांचे आहेत. पातीवरच्या बाकीच्यांना तेच काम याहून महाग पडतं. पन्नाशी ओलांडलेली बाई तर या तक्त्यात नाहीच, आणि खुरपणीला तीही असते.

शिवाय हा दिवस शेतात सुरू होत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला, मधली दरी होती तेवढीच राहिली. परभणी जिल्ह्यातल्याच गंगाखेडच्या जनाबाईने आपल्या अभंगांत दळणकांडणाला हात लावायला थेट विठ्ठलाला बोलावलं. घरातल्या कुणाला बोलावण्यासारखी तिची परिस्थिती नव्हती.

मोजल्यावर पुढचा प्रश्न कष्ट कमी करण्याचा, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. परभणीसह देशातल्या केंद्रांनी पुष्कळ अवजारं पारखली, सुधारली, गावोगाव दाखवली: दातेरी विळा, सुधारित खुरपं, उभ्याने ढकलायचं सायकल कोळपं, कापूस वेचायची पिशवी. यातलं काय रुजतं आणि काय नाही, याचं उत्तर अवजारात कमी आणि मजुरीच्या पद्धतीत जास्त सापडतं.

कापसाचं उदाहरण घ्या. मानवत, सेलू, पाथरी या पट्ट्यात दिवाळीच्या मागेपुढे वेचणी सुरू होते. साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना सदरा, डोक्याला फडकं आणि कमरेला बांधलेली ओटी. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, नखांच्या कडेला चिरा पडतात. खालच्या फांदीसाठी वाकायचं, वरच्यासाठी ताठ व्हायचं, दिवसभर. ओटी भरत जाते तसं ओझं पोटाशी पुढे लोंबतं आणि सगळा ताण कंबरेत उतरतो. खांद्यावरून पट्टे घेतलेली पिशवी तेच ओझं खांद्यांवर वाटून टाकते. वेचणीची मजुरी किलोवर असते. ओझं सुसह्य झालं, फेऱ्या वाचल्या, की शेवटी काट्यावर चार किलो जास्त भरतात आणि ते पैसे तिच्याच हाती पडतात. इथे अवजाराचा फायदा आणि अवजार वापरणारी एकच आहे.

खुरपणी बहुधा रोजाने. सायकल कोळप्याने पाठ वाचते, उभ्याने काम होतं, हे खरंच. पण चार बायांचं दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं तर वाचलेला रोज शेतमालकाचा आणि बुडालेला रोज त्या चौघींचा. कोळपं चाललं की खुरपं गेलं. आणि तणनाशक चाललं तर कोळपंही गेलं. तणनाशकाने खुरपणीचे कष्ट संपवले, हे कुणी कौतुकाने सांगतं तेव्हा मला त्या चौघींचा आषाढ-श्रावण दिसतो. त्या महिन्यांत गावात दुसरं काम असतंच असं नाही. कष्ट कमी होणं आणि काम कमी होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संशोधनाच्या अहवालात मात्र त्या पुष्कळदा एकाच टक्केवारीत मिसळतात: वेळेची बचत इतकी, मजुरांची बचत इतकी. बचत कुणाची, हा रकाना हवा.

दुसरी अडचण कागदाची. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी नावावर जमीन असल्याचा पुरावा लागतो. ज्या बाईची पाठ दुखते तिच्या नावावर जमीन नाही. एकतर ती भूमिहीन आहे, नाहीतर सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाचा. त्यामुळे अर्ज करणारा पुरुष, अवजार निवडणारा पुरुष, आणि तो साहजिकच आपल्या कामाचं अवजार आधी निवडतो. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र. औताचं काम यंत्राकडे गेलं आणि खुरपं हाताशीच राहिलं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. अवजार बनवणाऱ्या संशोधिकेने बाईचं माप घेतलं, तिच्या पंजाएवढी मूठ केली, तिच्या उंचीला दांडा जुळवला. वाटपाच्या व्यवस्थेने पुन्हा जमीनमालकाचंच माप घेतलं.

यावर इलाज दिसतो तो बचत गटांच्या मालकीची अवजारं. पिशव्या, विळे, दोन-चार कोळपी गटाची, आणि काम गुत्त्याने घ्यायचं. एकराचा भाव ठरला की लवकर उरकण्याचा फायदा टोळीला मिळतो, कोळपं शत्रू राहत नाही. सोयाबीन काढणीत गुत्त्याची पद्धत मराठवाड्यात चांगली मुरलेली आहे, खुरपणीलाही ती लावता येईल. पण गुत्त्यात एक धोका आहे, तो झाकून ठेवता येत नाही. रोजाने काम असलं की साठीची बाई आपल्या चालीने पात ओढते आणि शेजारची तरणी सून तिच्या वाट्याचं थोडं काढून देते. गुत्त्यात हळू चालणारी टोळीला परवडत नाही. तिला बाजूला सारणारा मुकादम नसतो, तिच्या बरोबरीच्या बायाच असतात. गट करताना म्हातारीचा वाटा आधी ठरवून घ्यावा लागेल. मोजमाप करणाऱ्यांनीही नाडीच्या तक्त्यात तिच्यासाठी एक ओळ उघडायला हवी.

अवजार बदललं की टोळी कशी बदलते, यावर १९५१ साली एरिक ट्रिस्ट आणि केनेथ बॅमफोर्थ यांनी इंग्लंडच्या कोळसा खाणींतून जे लिहिलं, ते पुढच्या लेखांकात. त्या खाणीच्या शेजारी आपण गंगाखेड-सोनपेठकडून ऊसतोडीला जाणारा कोयता ठेवून पाहू: नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, दोघांची मिळून एकच उचल, आणि हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचं.