हरलेल्या गुरूचं घराणं

कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला सव्वाशे वर्षांत आठ मुख्य प्रशिक्षक लाभले. त्यांतल्या सात जणांच्या खात्यात पराभवांपेक्षा विजय जास्त आहेत. उरलेल्या एकाचा हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव असा तोट्यात गेलेला. त्यांचं नाव जेम्स नेस्मिथ. बास्केटबॉल नावाचा खेळ शोधून काढला तो याच गृहस्थांनी. लॉरेन्स गावात ही गोष्ट कुणी लपवत नाही; पाहुणा आला की पहिल्या पाच मिनिटांत ती त्याला हमखास ऐकवली जाते.

लॉरेन्स हे कॅन्सस सिटीच्या पश्चिमेला साठेक किलोमीटरवर वसलेलं, सुमारे ९५ हजार वस्तीचं शहर. १८६६ साली सुरू झालेलं इथलं राज्य विद्यापीठ माउंट ओरिएडवर उभं आहे. ‘माउंट’ म्हणायचं ते आसपासच्या सपाट मुलखाच्या मानाने. सह्याद्रीत वाढलेला माणूस त्याला टेकाड म्हणेल. कॅन्सस राज्यात व्यावसायिक बास्केटबॉलचा, म्हणजे एनबीएचा, एकही संघ नाही. सीमेपलीकडच्या कॅन्सस सिटीत ‘किंग्ज’ होते, तेही १९८५ साली गाशा गुंडाळून कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला गेले. त्यामुळे पश्चिमेकडच्या गव्हाच्या पट्ट्यातला शेतकरी असो की लॉरेन्सचा दुकानदार, विद्यापीठाच्या मुलांच्या संघाकडे तो आपला संघ म्हणूनच पाहतो. कॉलेजचं तोंडही न पाहिलेली माणसं या संघासाठी जीव टाकतात. सगळं राज्य मात्र एकमुखी नाही. मॅनहॅटन गावात (न्यूयॉर्कातलं नव्हे, कॅन्ससमधलं) शेतकी परंपरेचं कॅन्सस स्टेट विद्यापीठ आहे आणि एकाच घरात दोन भाऊ दोन विद्यापीठांचे, हा प्रकार तिथे सर्रास आढळतो.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामने होतात तेव्हा प्रेक्षकांत खेळाडूंचे मित्र, दोन-चार शिक्षक आणि एखादा रखवालदार असतो. लॉरेन्सच्या ॲलन फिल्डहाउसमध्ये पंधरा हजारांवर माणसं बसतात आणि तरी जागा मिळत नाही. हे वेड कुठून आलं याचं उत्तर फक्त विजयांत शोधलं तर हाती फार लागत नाही. मला ते घराण्यासारखं वाटतं: गुरू, शिष्य, शिष्याचे शिष्य, त्यांच्यातली भांडणं, आणि तीनही पिढ्यांची नावं तोंडपाठ असलेला श्रोता.

मूळ पुरुष नेस्मिथ. जन्माने कॅनडाचे, शिक्षणाने धर्मशास्त्राचे पदवीधर. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हिवाळ्याने कोंडलेल्या, कंटाळलेल्या अठरा जणांच्या वर्गाला काहीतरी खेळवायचं म्हणून त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीला लावले. पुढे त्यांनी डेन्व्हरला वैद्यकीची पदवी घेतली आणि १८९८ साली ते लॉरेन्सला आले. नेमणूक झाली प्रार्थना चालवायला आणि व्यायाम शिकवायला. बास्केटबॉल सोबत आला. खेळाने शील घडतं यावर त्यांची श्रद्धा होती. निकालाची त्यांना फारशी फिकीर नव्हती. तोट्याच्या हिशेबाचं कारण बहुधा हेच.

त्यांचा शिष्य फॉरेस्ट ॲलन. आवाज भोंग्यासारखा, म्हणून ‘फॉग’ हे टोपणनाव. हा प्रशिक्षक व्हायला निघाला तेव्हा गुरूने त्याला समजावलं की हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं सांगतात. शिष्याने ऐकलं नाही. त्याने एकट्या कॅन्ससमध्ये ५९० सामने जिंकले, १९२७ साली देशभरच्या प्रशिक्षकांची संघटना उभारली आणि बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये जावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९३६ साली बर्लिनमध्ये तो खेळ आला तेव्हा वर्गणी काढून नेस्मिथना तिकडे धाडण्यात आलं. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असं हरवलं. अभिजात कलेच्या पहिल्या जाहीर मैफलीला असं हवामान मिळावं, हेही नशीबच!

ॲलनच्या हाताखाली खेळलेल्यांत ॲडॉल्फ रप होता. त्याने केंटकी विद्यापीठाला मोठं केलं. १९५२ च्या विजेत्या संघातला एक राखीव खेळाडू डीन स्मिथ. त्याने नॉर्थ कॅरोलिनाला मोठं केलं. अमेरिकी विद्यापीठांत आजवर सर्वाधिक सामने जिंकणारी तीन विद्यापीठं म्हणजे केंटकी, कॅन्सस आणि नॉर्थ कॅरोलिना. तिघांचाही वंश लॉरेन्सच्या त्या एका व्यायामशिक्षकापर्यंत जातो. १९८८ साली स्मिथचा सहायक रॉय विल्यम्स लॉरेन्सला प्रशिक्षक म्हणून आला, तेव्हा वर्तुळ पुरं झालं. पंधरा मोसमांनंतर, २००३ मध्ये, तो नॉर्थ कॅरोलिनाला परत गेला आणि लॉरेन्समध्ये कित्येकांनी ते मनाला फार लावून घेतलं. दुसऱ्या गावच्या माणसाला ही बदली वाटेल. इथे ते घर सोडून जाणं होतं.

फिल्डहाउसच्या इमारतीची कथाही गमतीची आहे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोरियन युद्धामुळे पोलादावर नियंत्रण होतं. खेळासाठी एवढं पोलाद मिळणं मुश्कील. तेव्हा ही वास्तू लष्करी प्रशिक्षणासाठी शस्त्रागार म्हणूनही लागेल, असं कागदोपत्री दाखवलं गेलं आणि पोलाद सुटलं. (सरकारी कागद कसा हलवायचा, हे ज्ञान जगात सगळीकडे सारखंच दिसतं.) १ मार्च १९५५ रोजी पहिला सामना झाला, समोर कॅन्सस स्टेट, ७७–६७ ने यजमान जिंकले. बाहेरून चुनखडीच्या दगडाचं भलंथोरलं धान्याचं कोठार वाटावं अशी ही इमारत आत मात्र अंगावर येते. बाकं मैदानाला इतकी लगटून की थ्रो-इन घेणाऱ्या पाहुण्याच्या कानात ओरडता येतं. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध इथला आवाज १३०.४ डेसिबलवर गेला आणि बंदिस्त मैदानातल्या गर्जनेचा गिनेस विक्रम नोंदला गेला. आवाजापेक्षा सामना भारी होता: तीनेक मिनिटं उरली असताना १४ गुणांनी मागे असलेला कॅन्सस जादा वेळेत जिंकला.

उत्तरेकडच्या भिंतीवर ‘फॉग’च्या नावाने पाहुण्यांना सावध करणारा एक मोठा फलक लटकतो. १९८८ साली काही विद्यार्थ्यांनी वसतिगृहातले न्हाणीघराचे पडदे काढून, जोडून, रंगवून तो तयार केला. तो झळकला ड्यूक विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला, आणि कॅन्सस तो सामना हरला. फलक मात्र राहिला. त्याच मोसमात ११ सामने हरलेल्या या संघाने उपांत्य फेरीत ड्यूकला, अंतिम फेरीत ओक्लाहोमाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कॅन्ससच्या डॅनी मॅनिंगने अंतिम सामन्यात ३१ गुण केले.

पण मला या सगळ्यात सर्वांत रस वाटतो तो रांगेत. विद्यार्थ्यांच्या जागांना क्रमांक नसतात. जो आधी आत शिरेल तो पुढे बसेल. म्हणून ‘कॅम्पिंग’ नावाची पद्धत रूढ झाली. एक घरचा सामना संपला की दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुढच्या सामन्याची सोडत निघते. विद्यार्थी गट करून येतात, एका गटात तीसपर्यंत मुलं. चिठ्ठीत जो क्रमांक येईल तो गटाचा. मग सामन्यापर्यंत दिवसभर फिल्डहाउसच्या बोळात गटातलं कुणीतरी हजर असलंच पाहिजे. पाळ्या लावल्या जातात: आठचा तास असलेली मुलगी सहाला येते, तिला सोडवायला कुणीतरी वही-पुस्तकं घेऊन धावत येतो. मधेच, न सांगता, हजेरी होते. नाव पुकारलं आणि गटातलं कुणी ‘हजर’ म्हणालं नाही तर नाव खोडलं जातं, गट शेपटाला जातो. बोळात घोंगड्या, लॅपटॉप, अर्धवट खाल्लेला पिझ्झा, आणि त्यातच सेंद्रिय रसायनाची उजळणी.

हा कारभार विद्यार्थीच चालवतात. याच वास्तूत इतर चांगल्या जागांचं वाटप देणग्यांच्या हिशेबाने होतं. ज्याची थैली मोठी तो मैदानाजवळ. रांगेत श्रीमंताच्या मुलालाही पहाटे सहाला यावं लागतं. सगळ्या खटाटोपात पैशाला न विचारणारा एवढाच एक कोपरा, आणि माझ्या मते या वेडाचा कणा तोच आहे.

आत शिरल्यावरचे विधीही ठरलेले. पाहुण्या संघाची ओळख सुरू झाली की शेकडो विद्यार्थी त्यांच्या ‘डेली कॅन्सन’ या वृत्तपत्राची पानं तोंडासमोर धरून वाचत बसल्याचं सोंग करतात: तुम्ही कोण, आम्हाला फरक पडत नाही. आपल्या संघाची नावं आली की तीच पानं फाडून कपटे हवेत उधळले जातात. पाहुण्यांचा खेळाडू पाच फाउल होऊन बाहेर गेला की हजारो हात डोक्यावर उंच होऊन वाऱ्यावरच्या गव्हासारखे सावकाश डोलतात. विजय नक्की झाला की ‘रॉक चॉक’ची आळवणी सुरू होते, धीमी आणि खर्जातली. ती १८८६ साली रसायनशास्त्राचे प्राध्यापक ई. एच. एस. बेली यांनी विज्ञान मंडळासाठी रचली. ‘रॉक चॉक’ म्हणजे टेकडीवरचा चुनखडीचा दगड. हरणाऱ्या पाहुण्याला ती ऐकताना काय वाटत असेल, ते त्यालाच ठाऊक.

शेजारच्या मिझुरीशी वैर मात्र खेळाच्या जन्माआधीचं आहे. लॉरेन्स वसवलं ते १८५४ साली, गुलामगिरीला विरोध करणाऱ्यांनी. २१ ऑगस्ट १८६३ रोजी मिझुरीच्या बाजूने आलेल्या क्वांट्रिलच्या टोळीने गाव जाळलं, दीडशेच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले. विद्यापीठाचं मानचिन्ह ‘जेहॉक’ हा काल्पनिक पक्षी कॅन्सस-मिझुरी सीमेवरच्या त्याच संघर्षातलं नाव घेऊन आला. २०१२ साली मिझुरी दुसऱ्या गटात गेलं तेव्हा शंभराहून अधिक वर्षांची मालिका थांबली; २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

गुलामगिरीविरोधाचा हा वारसा सांगणाऱ्या गावाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिशीच्या दशकात जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी नेस्मिथकडे शिकला. संघात त्याला जागा नव्हती. रंगाने दार बंद. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला पोहणं आवश्यक होतं, पण कृष्णवर्णीयांना पाण्यात न उतरताच उत्तीर्ण केलं जाई, म्हणजे तलाव ‘बाटायला’ नको. मॅक्लेंडन उतरला. तलावाचं पाणी काढून टाकण्यात आलं. तो हटला नाही, नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिले, आणि अखेर तलाव सर्वांना खुला झाला. ही हकीकत महाराष्ट्रातल्या वाचकाला फोड करून सांगायला नको. पुढे मॅक्लेंडनने टेनेसीत लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारा संघ घडवला. घराण्यातला हा शिष्य नेस्मिथच्या थेट तालमीतला, पण जिंकणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव बराच काळ कुणी घेत नव्हतं.

घराण्यातलं आणखी एक नाव विल्ट चेंबरलेन. या खेळाडूला ॲलनने फिलाडेल्फियाहून आणलं. सत्तरीला निवृत्त व्हावं लागल्यामुळे ॲलनला स्वतःला त्याला खेळवता आलं नाही. ३ डिसेंबर १९५६ रोजी पहिल्याच मुख्य सामन्यात विल्टने ५२ गुण केले. १९५७ चा अंतिम सामना कॅन्सस तीन जादा डावांनंतर नॉर्थ कॅरोलिनाकडून ५४–५३ असा एका गुणाने हरला. तो पराभव विल्टने उरी धरला आणि वर्षानुवर्षं लॉरेन्सपासून लांब राहिला. १९९८ च्या जानेवारीत त्याची जर्सी सन्मानाने वर टांगली गेली तेव्हा तो आला, तोही विद्यार्थीदशेतलं जाकीट घालून. फिल्डहाउस उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

नेस्मिथनी या खेळातून संपत्ती केली नाही. त्यांचे ते तेरा नियम २०१० साली न्यूयॉर्कच्या लिलावात डेव्हिड बूथ या माजी विद्यार्थ्याने ४३ लाख डॉलरना घेतले. आता ते फिल्डहाउसला लागून बांधलेल्या डीब्रूस केंद्रात काचेआड आहेत. खेळाडूंना मात्र २०२१ पासून आपल्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना उत्पन्नातला वाटा थेट देऊ लागली. पहिल्या वर्षीची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. हे न्याय्यच झालं. इतकी वर्षं सगळे कमावत होते आणि घाम गाळणारी पोरं शिष्यवृत्तीवर होती. मात्र खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याचे नियमही सैल झाले. २०२२ साली प्रशिक्षक बिल सेल्फच्या कॅन्सस संघाने मध्यांतराला १५ गुणांनी मागे असताना नॉर्थ कॅरोलिनाला ७२–६९ असं हरवून विजेतेपद घेतलं, तेव्हा ओचाय अगबाजीसारखे चार-चार वर्षं तिथेच मुरलेले खेळाडू त्याचा कणा होते. आता एका मोसमापुरता येऊन पुढे जाणारा खेळाडू नवलाचा राहिलेला नाही. बोळात घोंगडी टाकून बसणारी मुलगी पदवी होईपर्यंत चार वर्षं तिथेच असते, आणि त्या अवधीत ती ज्यांच्यासाठी ओरडते तो संघ बहुतेक सगळा बदलून गेलेला असतो.