मुलांची स्कूटर डगमगते का?

मोठ्यांच्या स्कूटरला पासिंग लागते, विमा लागतो, चालवणाऱ्याला परवाना लागतो आणि वर्षातून एकदोनदा तरी तिला मेकॅनिककडे न्यावे लागते. धाकट्यांच्या स्कूटरला यातले काहीच लागत नाही. एक पाय फळीवर ठेवायचा, दुसऱ्या पायाने जमीन मागे रेटायची, की निघाली स्वारी! वाढदिवसाला खोक्यातून निघालेली ही गाडी पुढे दोन-दोन वर्षे पान्याचे तोंड पाहत नाही. मग एक दिवस मूल पडते आणि आपण त्यालाच विचारतो, "नीट चालवता येत नाही का रे तुला?" माझे म्हणणे एवढेच, की हा प्रश्न आधी गाडीला विचारावा.

माझ्या सहा वर्षांच्या नातीकडे तिच्या आतेभावाची स्कूटर आली. पहिल्याच आठवड्यात ती सोसायटीच्या आवारात पडली आणि हनुवटीला तीन टाके पडले. सूनबाईंनी गाडी माळ्यावर टाकायचे ठरवले. चिरंजीव म्हणाले, "पडल्याशिवाय कोण शिकतं, बाबा?" नात मात्र काहीच बोलेना. तिचे ते गप्प बसणे मला टाक्यांपेक्षा जास्त बोचले. टाके आठवड्यात निघतात. एकदा गेलेली हिंमत लवकर परत येत नाही.

मी गाडी तपासायला घेतली. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पिळले, तर चाक जागच्या जागी आणि हँडल चांगले दोन बोटे फिरलेले! म्हणजे पोरगी बिचारी डावीकडे वळवत होती आणि गाडी सरळच चालली होती.

ही परीक्षा प्रत्येक घरी करता येते. हँडल चाकाला सोडून फिरले, तर दांड्याभोवतीच्या पकडीचे बोल्ट सैल आहेत असे समजावे. मग पुढचे चाक हलू न देता गाडी मागेपुढे हलवून पाहावी. 'टक् टक्' असा आवाज आला, तर दांडा ज्या नळीतून खाली जातो तिथली बेअरिंगे सैल झाली आहेत. पकड थोडी सैल करून आधी बेअरिंगांचा खेळ काढावा, हँडल चाकाच्या रेषेत आणावे आणि मगच पकड आवळावी. मात्र पहिलवानी जोर लावू नये. गाडीचे तोंड उचलून जरा कलते केले, की हँडल आपल्या वजनाने एका बाजूला पडले पाहिजे. अडकत असेल तर आवळणे फार झाले.

आता चाकांकडे वळू. ही चाके इतकी लहान का, असे पुष्कळांना वाटते. त्याला कारण आहे. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या विम औबोटर यांनी घडी घालता येणारी छोटी स्कूटर तयार केली. चालत जायला लांब आणि मोटार काढायला जवळ, अशा अंतरासाठी त्यांना एक वाहन हवे होते. घडी घालून काखेत मारायची, तर चाके लहानच हवीत. म्हणून चाकांच्या बुटांना असतात तशी चाके तिला आली. २००० सालापर्यंत या गाडीने जगभरच्या मुलांना वेड लावले. घडी आटोपशीर झाली खरी, पण खड्डे-खाचांशी लढायची ताकद गेली.

हिशेबच पाहा. १० सेंटिमीटर व्यासाच्या चाकापुढे १ सेंटिमीटर उंचीचा खडा आला, तर त्यावर चढण्यासाठी चाकावरच्या भाराच्या पाऊणपट जोर आडवा लागतो. चाक २० सेंटिमीटरचे असेल, तर निम्म्याहून कमी जोर पुरतो. तेवढा जोर मिळाला नाही की चाक जागीच थांबते, आणि मूल मात्र पुढे जाते! म्हणून नवी गाडी घेताना शक्य तितकी मोठी चाके, बुटकी फळी आणि पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली गाडी निवडावी. जुन्या गाडीत मोठे चाक कोंबू नये. चाकासाठी केलेली जागा ठरलेली असते.

चाक हाताने आडवे हलवून पाहावे. लटपटले किंवा फिरताना खरखरले, तर आतले बेअरिंग गेले. पुष्कळ स्कूटरांना ६०८ क्रमांकाचे बेअरिंग असते : ८ मिलिमीटरचे भोक, २२ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ७ मिलिमीटर जाडी. बेअरिंगच्या दुकानात नमुना दाखवून दोन्ही बाजूंची एकदम बदलावीत.

"आम्ही आपली तीन चाकांची घेतली, ती पडायचीच नाही," असे समाधान मानणारे पालक भेटतात. पुढे दोन चाके असली, तरी फळीवरून मागे जाता जाता आधाराची रुंदी कमी होत जाते, आणि मुलाचा सगळा भार तर उंचावर असतो. वेगात हँडल झटकन वळवले की ही गाडी बाहेरच्या बाजूला कलंडते. वेग दुप्पट केला, तर तेवढ्याच सुरक्षितपणे वळायला चौपट मोठे वळण लागते. म्हणून अगदी लहानांसाठी हँडल फिरवून वळणाऱ्या गाडीपेक्षा, अंग कलते केल्यावर वळणारी तीनचाकी बरी. तिच्यावर वळण्याआधी मुलाचे अंग आपोआप आतल्या बाजूला झुकते.

हँडलच्या मुठी मुलाच्या कमरेच्या जरा वर याव्यात आणि कोपरे थोडी वाकलेली राहावीत. फार खाली असतील तर मूल पुढे ओणवे होते, फार वर असतील तर हातांत जोर राहत नाही. मूल वाढते, म्हणून ही उंची दर सहा महिन्यांनी पाहावी. हँडलला दप्तर किंवा पाण्याची बाटली लटकवू नये. वळताना ती हिंदकळते आणि हँडल ओढून नेते. आणि घडीचा खटका पूर्ण बसल्याशिवाय मुलाला फळीवर चढू देऊ नये.

मुठींच्या टोकांचे रबर फाटले असेल, तर त्याच दिवशी बदलावे. आतली उघडी नळी बिस्किटे कापायच्या साच्यासारखी असते. मूल पडताना हँडल फिरते आणि ते टोक पोटात घुसते. वरून नुसता गोल वळ दिसतो, पण आत प्लीहेला किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. असा मार लागल्यावर पोट दुखू लागले किंवा उलटी झाली, तर हळद लावून वाट पाहत बसू नये. तडक डॉक्टरांकडे जावे.

मागच्या चाकावरचा पत्रा हाच बहुतेक स्कूटरांचा ब्रेक. तो ओल्या चाकावर धड धरत नाही, आणि जास्त वापरला की चटका बसण्याइतका तापतो. शिवाय उताराचा वेग फसवा असतो. घर्षण सोडून दिले, तर एक मीटर उंचीच्या उतारावरून निघालेली गाडी खाली ताशी १६ किलोमीटर वेगाने पोचते. पार्किंगचे तळघर त्याहून किती खोल असते, ते आपल्या इमारतीत जाऊन पाहा. तो उतार आणि फाटकाबाहेरचा रस्ता मुलांना कायमचा बंद.

२००० साली अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने या स्कूटरांबद्दल इशारा दिला. त्यात हेल्मेट आणि कोपरा-गुडघ्यांच्या पट्ट्या वापरायला सांगितले होते. मनगटाच्या पट्ट्यांचा आग्रह मात्र धरला नव्हता, कारण त्यांनी मूठ धरणे अवघड होऊ शकते. आठ वर्षांखालचे मूल खेळताना मोठ्या माणसाने जवळ असावे, असेही त्यात होते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर सपाट बसावे. मागे सरकून टोपीसारखे लोंबू नये. नवी स्कूटर घ्यायची असेल, तर आय.एस.आय. चिन्ह पाहून घ्यावी. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे.

आमच्या गाडीला चार बोल्ट आवळणे, दोन बेअरिंगे, नव्या मुठी आणि फळीवर खरखरीत पट्टी एवढ्यावर भागले. मग खडूने एक लांब रेघ आखली. पहिले तीन दिवस नातीला फक्त थांबायला शिकवले : खडूच्या आडव्या रेघेपाशी ब्रेक दाबायचा आणि पाय खाली टेकायचा. थांबता येते अशी खात्री पटल्यावर तिची भीती आपसूक ओसरली. चौथ्या दिवशी सूनबाई स्वतः हेल्मेटचा पट्टा लावून द्यायला खाली आल्या.

या दिवसांत एक काळजी जास्त घ्यावी. फुलबाज्यांच्या जळक्या तारा, फुटलेल्या पणत्यांचे तुकडे, फटाक्यांची टरफले हे सारे त्या छोट्या चाकांचे वैरी. सकाळी आवार झाडून होईपर्यंत स्कूटर घरातच राहू द्यावी. आणि पुढच्या खंडेनवमीला मोटारीबरोबर हिलाही झेंडूची माळ जरूर घालावी. मात्र आधी पाना फिरवावा, मग हळदकुंकू!