लंडनच्या तळघरातले देव

ब्रिटिश म्युझियममध्ये शिरलेला मराठी प्रवासी आधी इजिप्तच्या ममी गाठतो, मग भारताचे दालन. २५ क्रमांकाच्या दालनासाठी जिना उतरून तळघरात जावे लागते, आणि तोवर पाय बोलू लागलेले असतात. आफ्रिकेतून आलेल्या वस्तूंचे हे दालन २००१ साली उघडले. तिथल्या कित्येक वस्तूंकडे आपण कलाकृती म्हणून पाहतो. घडवल्या गेल्या त्या मात्र देव्हाऱ्यासाठी, पितरांसाठी, उत्सवासाठी.

आफ्रिकेचा असा एकच धर्म नाही. नायजेरियातले एडो आणि योरुबा, घानातले असांटे यांची दैवते वेगळी, विधी वेगळे. तरीही काही धागे सारखे आहेत. सर्वांच्या वर एक सृष्टिकर्ता, जो रोजच्या व्यवहारात सहसा पडत नाही. त्याच्या खाली पाणी, लोखंड, वीज सांभाळणारी दैवते. आणि घरातल्या सुखदुःखावर लक्ष ठेवणारे पूर्वज. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालत आले. योरुबांच्या ‘इफा’ या कौल लावण्याच्या विद्येत २५६ खूणचिन्हे आहेत, आणि प्रत्येकीची कवने जाणकाराला पाठ असावी लागतात. २००५ मध्ये युनेस्कोने या परंपरेचा गौरव केला.

पण ब्रिटनमध्ये बसून पाहायचे तर मुक्काम बेनिनला करावा लागतो. हे एडो लोकांचे राज्य आजच्या नायजेरियाच्या दक्षिणेत होते. तिथला राजा म्हणजे ओबा, माणूस आणि देव यांच्या सीमेवर उभा. समुद्राचा आणि संपत्तीचा देव ओलोकुन. पाण्यातही राहणारा आणि चिखलातही तगणारा मासा ही ओबाची खूण. नवा ओबा गादीवर आला की आधीच्या ओबासाठी वेदी उभारायचा. तिच्यावर पितळी शिर, त्या शिरात रोवलेला कोरीव हस्तिदंत, शेजारी घंटा आणि पूर्वजांना हाक घालणाऱ्या खुळखुळ्या काठ्या. पितळकाम करणाऱ्या कारागिरांची वस्ती आजही बेनिन शहरात आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाची मूर्ती करायची, वर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण काढायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. साचा फोडल्यावरच मूर्ती दिसते, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकमेव.

‘इग्वे’ हा तिथला मोठा उत्सव. त्यात ओबाच्या मस्तकाचे पूजन होते आणि घरोघरी लोक स्वतःच्या मस्तकाचेही करतात, कारण माणसाचे भाग्य मस्तकात असते अशी श्रद्धा. शेवटच्या दिवशी मुले ‘एवेरे’ची शुभ पाने आणून वाटतात. दसऱ्याला आपट्याची पाने देणाऱ्या आपल्याला तो क्षण लगेच कळेल.

याच उत्सवापाशी अनर्थ घडला. ब्रिटिश अधिकारी जेम्स फिलिप्स याने ओबाला पदच्युत करण्याची परवानगी १८९६ च्या नोव्हेंबरमध्येच वरिष्ठांकडे मागितली होती. खर्च राजवाड्यातल्या हस्तिदंतातून निघेल, असेही त्याने लिहिले होते. उत्तराची वाट न पाहता तो निघाला. ओबा ओवोन्‌राम्वेन यांचे विधी चालू होते, आत्ता येऊ नका असा निरोप होता. तो त्याने मानला नाही. जानेवारी १८९७ मध्ये त्याच्या तुकडीवर हल्ला झाला. त्यातले दोनच इंग्रज वाचले. फेब्रुवारीत रिअर ॲडमिरल रॉसनच्या फौजेने बेनिन जिंकले, राजवाडा लुटला, शहर जळाले. ओबांना कालाबारला हद्दपार केले, तिथेच १९१४ मध्ये ते वारले. वेद्यांवरची शिरे आणि खांबांवरचे पितळी फलक विकले गेले. ब्रिटिश म्युझियमकडे आज बेनिनच्या नऊशेहून अधिक वस्तू आहेत.

त्यांतला एक हस्तिदंती मुखवटा थांबून पाहावा. सोळाव्या शतकातल्या ओबा एसिगे यांच्या आई, राजमाता इडिया, यांचा तो मानला जातो. जेमतेम वीतभर उंची, झुकलेल्या पापण्या, कपाळावर लोखंड बसवलेल्या दोन उभ्या रेषा. डोक्यावर मुकुटासारखी ओळ आहे दाढीवाल्या पोर्तुगीजांच्या चिमुकल्या मुंडक्यांची, कारण ते समुद्रावरून, म्हणजे ओलोकुनच्या राज्यातून, आले होते. समारंभात ओबा हा मुखवटा कमरेला बांधत. १९७७ मध्ये लागोसला आफ्रिकी कलांचा महोत्सव भरला, त्याचे बोधचिन्ह हाच मुखवटा होता. नायजेरियाने तो मागितला. नाजूक आहे म्हणून लंडनने दिला नाही.

मात्र ब्रिटनमधले सगळेच आफ्रिकी काम लुटीचे नाही. नायजेरियातल्या बुगुमा इथे जन्मलेल्या आणि लंडनमध्ये काम करणाऱ्या शिल्पकार सोकारी डग्लस कॅम्प यांनी कालाबारी लोकांच्या जलदैवतांची सोंगे पोलादात उभी केली. ती सोंगे नाचवण्याचा मान पुरुषांचा. एका स्त्रीने ती घडवावीत, याचे मला फार मोल वाटते. ऑगस्टअखेर नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये उंच काठ्यांवर चालणारे मोको जंबी दिसतात. त्या सोंगाची मुळेही पश्चिम आफ्रिकेत शोधतात; गुलामांच्या जहाजांबरोबर ते कॅरिबियनला गेले आणि तिथून लंडनला आले.

परतीची वाट हळूहळू उघडते आहे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजच्या भोजनगृहात राजमातेच्या वेदीवरचा पितळी कोंबडा कित्येक वर्षे होता. विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये तो नायजेरियाला परत गेला. दुसऱ्याच दिवशी ॲबर्डीन विद्यापीठाने ओबाचे शिर दिले. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने २०२२ मध्ये ७२ वस्तूंची मालकी सोडली. असांटे राजघराण्याच्या सोन्याच्या वस्तू मात्र २०२४ मध्ये घानातल्या कुमासीला गेल्या त्या उसन्या. त्याच वर्षी, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून, वाघनखे साताऱ्याला आली तीही तीन वर्षांच्या बोलीवर.

ब्रिटिश म्युझियम १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवते. त्या कायद्याने विश्वस्तांना संग्रहातल्या वस्तू देऊन टाकण्याची जवळपास मुभाच ठेवलेली नाही. पण बेनिनचा धर्म मेलेला नाही. २०१६ पासून ओबा एवुआरे दुसरे गादीवर आहेत, राजवाडा नांदता आहे, इग्वे दर वर्षी होतो. ज्या वेद्यांची पूजा आजही करणारे आहेत, त्यांवरच्या वस्तू उसन्या देऊन भागणार नाही. कायदा ब्रिटिश संसदेने केला, तो तिनेच बदलावा.