विश्लेषण : विषाणूचेच जनुक पिकाला विषाणूपासून वाचवू शकते का?

२०२० च्या उन्हाळ्यात संगमनेर, अकोले परिसरातील टोमॅटोवर पिवळे, लाल, हिरवट चट्टे दिसू लागले. फळे कडक झाली, व्यापारी माल घेईनात. शेतकऱ्यांनी या रोगाला ‘तिरंगा’ नाव दिले. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत प्रामुख्याने कुकुंबर मोझॅक विषाणू (सीएमव्ही) आढळला. करोनाकाळात या रोगाविषयी अफवाही पसरल्या. प्रत्यक्षात सीएमव्ही माणसाला होत नाही.

औषध का नाही?

रोपात शिरलेला विषाणू मारणारे फवारणीचे औषध नाही. सीएमव्ही मावा किडीमार्फत पसरतो. मावा झाडाला काही सेकंद टोचला तरी लागण होते. म्हणजे कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत रोग पोहोचलेला असतो. शिवाय हा विषाणू काकडी, मिरची आणि तणांसह हजाराहून अधिक वनस्पतींवर जगतो.

विषाणूचे जनुक कसे उपयोगी?

विषाणूच्या बाह्य आवरणाचे प्रथिन तयार करणारे जनुक पिकात घालायचे, ही ती कल्पना. १९८६ मध्ये अमेरिकेत रॉजर बीची आणि सहकाऱ्यांनी तंबाखूवर ती यशस्वी करून दाखवली. एकट्या जनुकाने रोग होत नाही. मात्र त्याच्या आरएनएमुळे रोपाची संरक्षण यंत्रणा सावध होते. पुढे खरा विषाणू आला की त्याचा जुळणारा आरएनए ओळखून रोप त्याचे तुकडे करते.

हे शेतात टिकले का?

हवाईत १९९२ पासून रिंगस्पॉट विषाणूने पपईच्या मुख्य पट्ट्यातील बागा उद्ध्वस्त होऊ लागल्या. डेनिस गोन्साल्विस यांच्या चमूने तयार केलेल्या ‘रेनबो’ आणि ‘सनअप’ या जाती १९९८ मध्ये शेतकऱ्यांना मिळाल्या आणि तेथील पपई वाचली. सीएमव्हीसह तीन विषाणूंना तोंड देणारा भोपळावर्गीय स्क्वॉशही अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाला.

मर्यादा कोणत्या?

विषाणूचा वाण वेगळा निघाला तर संरक्षण कमी पडते. सीएमव्हीकडे तर रोपाची ही यंत्रणाच दाबणारे प्रथिन आहे. टोमॅटोवर एकाच वेळी अनेक विषाणू आले, तर एका जनुकाने भागत नाही.

भारतात काय स्थिती?

जनुकीय बदल केलेल्या पिकांपैकी देशात व्यावसायिक लागवड होते ती फक्त बीटी कापसाची, २००२ पासून. मोहरीच्या संकरित वाणाला २०२२ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. त्यावर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. विषाणूरोधक टोमॅटोला हीच वाट चालावी लागेल.

तोपर्यंत काय करावे?

कीडरोधक जाळीतील निरोगी रोपे घ्यावीत. शेजारी काकडी, मिरची टाळावी आणि बांधावरचे तण काढावे. पिवळे चिकट सापळे लावून मावा, पांढरी माशी यांवर लक्ष ठेवावे. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे. लागण सुरुवातीलाच रोखली, तरच हंगाम हाती लागतो.