लस, धास्ती आणि संवाद : भूमच्या निमित्ताने एक मागोवा

लसीविषयीची साशंकता, म्हणजे लस मिळत असूनही ती घेण्यात होणारी चालढकल, करोनाकाळात उपजलेली नाही. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण त्याच वर्षी पुण्यात प्लेग-निवारणासाठी गोऱ्या सोजिरांनी घरे धुंडाळली आणि त्या जाचाने सरकारी उपायांविषयीचा संशय बळावला. पुढे १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींच्या संमतीअभावी त्याचा कायदा झाला नाही, तरी आणीबाणीतील शिबिरांची धास्ती मागे उरली, आणि पोलिओच्या डोसाने मूल पुढे निपुत्रिक होते ही अफवा बहुधा तिच्यावरच पोसली.

मराठवाड्यात बालाघाटाच्या रांगेत असलेल्या भूम तालुक्याचा विचार करताना मात्र एक भेद आधी करावा लागतो. येथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. त्यामुळे बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील डोसांची वेळ पुष्कळदा फडावरच येते. अशा चुकलेल्या डोसाला नकार समजणे हा त्या मातांवर उघड अन्याय आहे.

खऱ्या साशंकतेचे रूप वेगळे असते. 'मागच्या सुईनं लेकरू रातभर तापलं,' असे आई सांगते, तेव्हा 'काही होत नाही' या उत्तराने बोलणे तिथेच संपते. उलट ताप किती वेळ होता, तेव्हा घरात काय केले, हे आशाताईने, म्हणजे गावातील आशा स्वयंसेविकेने, विचारले आणि 'याबद्दल थोडं सांगू का?' अशी परवानगी घेऊन, लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो व तो बहुधा शरीराच्या प्रतिसादाचा भाग असतो, हे समजावले, तर आईची भीती खोटी न ठरवता तिला माहिती मिळते. प्रेरणात्मक संभाषण म्हणतात ते हेच : आधी ऐकणे, मग विचारून सांगणे, आणि निर्णय तिच्याकडेच ठेवणे.

आदेश आणि संवाद या दोन्ही वाटा करोनाकाळात दिसल्या : नोव्हेंबर २०२१ मध्ये मराठवाड्यातीलच औरंगाबाद जिल्ह्यात पेट्रोल आणि रेशन करोना लस-प्रमाणपत्राशी जोडले गेले, तर त्याच महिन्यात देशभर घरोघर जाऊन लसीकरण करण्याची 'हर घर दस्तक' मोहीम सुरू झाली. आदेशाने रांग वाढते, पण मनातील प्रश्न तसाच राहून पुढच्या लसीच्या वेळी पुन्हा उभा राहतो. म्हणून ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी घरोघर बसून बोलण्याइतका वेळ आशाताईंना मिळावा, आणि कामागणिक मोबदला घेणाऱ्या या स्त्रियांना त्या बोलण्याचाही मोबदला शासनाने द्यावा.