लहान मेंदू सावरतो, पण कितपत?

मोठ्या माणसाला डाव्या मेंदूत पक्षाघात झाला तर बऱ्याचदा वाचाच जाते. जन्माच्या सुमारास तोच भाग निकामी झाला तर? अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या एलिसा न्यूपोर्ट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये अशा 15 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयं 9 ते 26, तुलनेला त्यांचीच निरोगी भावंडं. वाक्यांचा अर्थ लावण्यात हे भावंडांच्या बरोबरीचे निघाले. जवळजवळ सगळ्यांची भाषा उजव्या मेंदूत वसली होती. आवाजातला राग-लोभ ओळखणं हे मुळात उजव्या बाजूचं काम, तेही सुरळीत. एका घरात दोन बिऱ्हाडं, आणि कुरबुर नाही!

भाषेखेरीज इतर काही बौद्धिक क्षमतांत मात्र ही मंडळी भावंडांच्या मागे होती. शोधनिबंधाच्या सारांशातच हे लिहिलंय. कौतुकाच्या भरात तेवढं वाक्य गळतं.

असंच मार्गारेट केनार्ड यांच्याही बाबतीत झालं. 1930 च्या दशकात येल विद्यापीठात त्यांनी माकडांच्या पिल्लांवर प्रयोग केले. हालचालींचं केंद्र काढूनही पिल्लं प्रौढ माकडांपेक्षा चांगली सावरली. इजा जितकी लवकर तितकी भरपाई जास्त, हा नियम पुढे त्यांच्या नावावर चढला. पण पिल्लं वाढू लागली तसतसे त्यांच्या हातापायांतले दोष ठळक झाले, हेही केनार्डबाईंनीच नोंदवलं होतं! नियम राहिला, नोंद विसरली गेली.

माणसाच्या बाळातही तसंच: भाषा टिकते, पण हात अडतो, आणि तेही उशिरा लक्षात येतं. पक्षाघात झालेल्या नवजात बाळाचं तोंड मोठ्यांसारखं सहसा वाकडं होत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकाच हाताला किंवा पायाला लयीत झटके येतात. काही बाळांत तेवढंही दिसत नाही. चार-सहा महिन्यांनी खुळखुळा नेहमी डाव्याच हाताने धरला जातो, उजवी मूठ मिटलेलीच. घरात कौतुक होतं, ‘डावखुरा दिसतोय!’ खरं तर वर्षाच्या आत बाळ डावं-उजवं सहसा ठरवत नाही.

अशा पक्षाघाताची पुनरावृत्ती क्वचितच होते, ही दिलाशाची बाब. पण फिट्स, चाल, शाळेतलं लक्ष यांवर अनेक वर्षं नजर ठेवावी लागते. म्हणून वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल तर ‘होईल हळूहळू’ म्हणू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अडलेल्या हाताचे व्यायाम जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.